चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

ऊरदाल,
रविवार, दि. १२ जानेवारी १९९७

चि. सुन्निवा हिस,
तोर्लाइव्हचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं नाताळचं पार्सल पोचलं. मोजे मापात आहेत. उजवा डाव्यापेक्षा दोन ओळी लांब आहे, पण बुटात गेल्यावर कोण बघतंय. फोन का उचलत नाहीस असं तू सोबतच्या चिठ्ठीत विचारलं आहेस. ऑक्टोबरच्या पुरापासून आमच्या तारेत खरखर आहे. पैसे भरून खरखर ऐकण्यापेक्षा पत्र बरं. पत्रात माणूस विचार करून लिहितो, आणि मागाहून कोणाला शब्द फिरवता येत नाही.

आता मुख्य बातमी. आपत्ती निधीचा अर्ज मी शुक्रवारी रजिस्टर पोस्टाने पाठवला. एकतीस पानं, सात नकाशे. गावसमितीत टूम निघाली होती की शहरातून एखादा शिकलेला इंजिनियर आणावा. मी म्हटलं, सातवीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने आरागिरणीचं चाक स्वतः आखलं आणि ते एकोणीस वर्षं फिरतंय. अर्ज तर कागदाचा आहे. त्यावर एम्ब्रिक म्हणाला की चाकाला निदान सही लागत नाही. त्याला ट्रॅक्टर चालवण्यापलीकडे काही येत नाही, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

तीन गोष्टी मागितल्या आहेत. वरच्या कुरणातून जाणारी पायवाट, घळीवर लोखंडी पूल आणि एक भोंगा. आपल्या अकरा घरांना बाहेर पडायला एकच रस्ता, तो कड्याखालून ऊरा नदीच्या काठाने जातो, आणि नदी चढली की सगळ्यांत आधी तोच बुडतो. ऑक्टोबरात चार दिवस आम्ही बेटावर होतो. खालची दोन-तीन घरं सोडली तर पाणी उंबऱ्याशी थांबलं. आज वरच्या कुरणात एक मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर बर्फ आहे. पाच ठिकाणी काठी घालून मोजला. माझ्या अठरा वर्षांच्या वहीत या तारखेला इतका आकडा नाही. मे महिन्यात हा सगळा एकदम वितळला तर पाणी उंबऱ्याशी थांबणार नाही. त्याआधी पूल व्हायला हवा. लोखंड तयार मिळतं, मंजुरी आली की सहा आठवड्यांचं काम आहे.

फॉर्ममधला चौदावा प्रश्न असा, की पाणी चढल्यास दुसऱ्याच्या मदतीशिवाय घर सोडू न शकणाऱ्या व्यक्ती किती. मी अंदाजाने लिहिणारा नव्हे. अकराही घरं फिरलो. गुद्वेगबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत; त्यांनी दारातच ऐकवलं की त्या अजून चर्चला पायी जातात, बस लागते ती मलाच. खालच्या घरातल्या रांदीला जुळी झाली आहेत आणि नवरा दोन-दोन आठवडे समुद्रात तेलाच्या फलाटावर असतो. ती म्हणाली की तिला हात दोन आहेत आणि मुलंही दोनच. एम्ब्रिकने कॉफी ओतली आणि विचारलं की मी माणसं मोजतोय की गुरं. बेरीज शून्य. शून्य लिहिलं. एकतीस पानांत एकही खाडाखोड नाही.

तीस तारखेला तपासनीस बाई पाहणीला येणार आहेत. कळवीनच.

मोज्याप्रमाणे लोभही दोन ओळी जास्तच असू दे.
तुझा,
तोर्लाइव्ह

•

बेर्गेन,
रविवार, दि. १९ जानेवारी १९९७

ती. तोर्लाइव्हदादास,
सुन्निवाचा सा. न. वि. वि.

दोन ओळी मोजायला तू मोजपट्टी काढलीस हे मला इथे बसून दिसतंय. पुढच्या वर्षी दुकानातले पाठवीन, मग त्यांची शिलाई मोज.

तुझ्या तारेत खरखर आहे, पण एम्ब्रिकची तार त्याच खांबावरून जाते आणि ती स्वच्छ आहे. मी त्याला फोन केला होता. तो म्हणाला की तू संध्याकाळी घरीच असतोस, खिडकीत दिवा असतो. एवढं विचारून मी गप्प बसले. तूही जरा विचार कर.

मला चिंता लागली ती त्या शून्याची. गुद्वेगबाईंना ऑक्टोबरात कसं बाहेर काढलं होतं? ट्रॅक्टरच्या बकेटमध्ये बसवून, मांडीवर मांजर देऊन. तूच लिहिलं होतंस. मग त्या शून्यात कशा बसल्या?

बावीस वर्षं मी दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीत बसते. आपल्याकडचा म्हातारा येतो, कसं वाटतंय विचारलं की बरं आहे म्हणतो, आणि खुर्चीपर्यंत पोचायच्या आत खाली बसतो. म्हणून मी ते विचारणं सोडलं. आज बुटाच्या नाड्या कोणी बांधल्या, इतकंच विचारते. बायकोने, असं उत्तर आलं की मी चाकाची खुर्ची मागवते. माणूस दुखण्याबद्दल खोटं बोलतो, नाडीबद्दल नाही बोलत.

आणि एक विनंती. तपासनीस बाई यायच्या आधी गाव आवरू नका. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की लोक सरपणाच्या ढिगालासुद्धा भांग पाडतात. चिखल असू दे. मोडलेलं मोडलेलं दिसू दे.

तब्येतीला जप, आणि बर्फात काठी घालायला एकटा जाऊ नकोस.
तुझी धाकटी आणि तरीही शहाणी,
सुन्निवा

•

ऊरदाल,
रविवार, दि. २ फेब्रुवारी १९९७

चि. सुन्निवा हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा श्रमदान सुरू झालं होतं. सुरू झालेलं श्रमदान थांबवायची आपल्याकडे रीत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही थांबवावंसं वाटलं नाही. सरकारची बाई येणार आणि तिने आपला उकिरडा बघायचा, हे आईला चाललं असतं का?

तर मंगळवार-बुधवारी सगळे लागले. पुराने मुळासकट आणलेलं झाड नदीकाठी अडकलं होतं, ते एम्ब्रिकने ओढून काढलं आणि मी त्याच्या फळ्या पाडल्या. रस्त्याचा खचलेला भाग आम्ही नोव्हेंबरातच भरला होता, त्यावर नवी खडी पसरली. सभाघराच्या भिंतीवर चौसष्ट सेंटिमीटरवर पाण्याचा तपकिरी पट्टा होता, रांदीने त्याला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. त्या पट्ट्याशेजारी माझी पेन्सिलची खूण होती, तारीख आणि वेळेसकट. तीही गेली. त्याचं वाईट वाटलं, पण भिंत चांगली दिसते.

बाईंचं नाव सोल्वाइग रायते. तिशीच्या असतील, बूट चांगले होते, म्हणजे चालायची तयारी होती. गुद्वेगबाईंनी सणाचा पोशाख घातला होता, चांदीच्या बटणांसकट. वाफल्स, तपकिरी चीज आणि सात तऱ्हांचे केक होते. पूर कसा गेला असं बाईंनी प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाने सांगितलं की ठीक गेला, कशाबद्दल तक्रार नाही. गुद्वेगबाईंना विचारलं की त्या बाहेर कशा पडल्या. त्या म्हणाल्या की गाडी दाराशी आली होती. गाडी म्हणजे ट्रॅक्टरची बकेट, हे कोणी बोललं नाही. मीही नाही, कारण मला विचारलं नव्हतं. मलाही बाईंनी मागून काही विचारलं असावं, पण मी नकाशा गुंडाळत होतो, एम्ब्रिकनेच उत्तर दिलं.

जाताना बाई म्हणाल्या की इतकी खंबीर वस्ती त्यांनी जिल्ह्यात दुसरी पाहिली नाही. मंजुरीबद्दल आता मला शंका वाटत नाही.

बर्फ दोन मीटर चार. काठी घालायला एकटाच गेलो होतो आणि एकटाच परत आलो.

मागच्या पत्रातल्या उपदेशासह तुझा लोभ पावला, तो चालू ठेव.
तोर्लाइव्ह

•

ऊरदाल,
सोमवार, दि. १० मार्च १९९७

चि. सुन्निवा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

नामंजूर.

पत्र आज आलं, तारीख सहा मार्चची आहे. लिहिलंय की वस्ती स्वतःच्या बळावर सावरण्यास समर्थ असल्याचं पाहणीत आढळलं, मागील पुराचं नुकसान शिल्लक नाही, मदतीशिवाय घर सोडू न शकणारी एकही व्यक्ती नाही, म्हणून यंदा अधिक गरजू वस्त्यांना आधी विचारात घेतलं आहे. आराखड्याच्या नेटकेपणाबद्दल मात्र कौतुक केलंय. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्हीदा माझ्या कानशिलात बसलं.

पत्राच्या तारखेपासून तीन आठवड्यांत अपील करता येतं. म्हणजे सत्तावीस मार्च, ईस्टरच्या सुट्टीचा पहिला दिवस. पोस्ट बंद. म्हणजे सव्वीस.

मी अपील करणार नाही. माझा एकही आकडा चुकलेला नाही. बरोबर उत्तर पुन्हा लिहून कोणी वेगळा निकाल देत नाही. एम्ब्रिक सभेत म्हणाला की इंजिनियर आणला असता तर निदान शिव्या घालायला परका माणूस मिळाला असता. कोणी हसलं नाही.

बर्फ दोन मीटर सदतीस. तू बरोबर होतीस असं लिहू नकोस.
तोर्लाइव्ह

•

बेर्गेन,
गुरुवार, दि. १३ मार्च १९९७

ती. तोर्लाइव्हदादास,
सा. न. वि. वि.

मी बरोबर होते असं लिहिणार नाही. तू चुकलास, एवढं लिहिते.

तुझी बेरीज बरोबर आहे. पण लोकांनी तोंडाने जे सांगितलं ते तू मोजलंस, जे आहे ते मोजलं नाहीस. नदीला तू कधी विचारतोस का, की बाई, तू किती खोल आहेस? काठी घालतोस. माणसांना मात्र दारात उभं राहून विचारलंस, आणि त्यांनी सांगितलं ते शाईने लिहिलंस, कारण तुलाही तेच ऐकायचं होतं.

आता दुसरं.  एम्ब्रिकने मला पत्र लिहिलं. त्याचं अक्षर तुला माहीत आहे, एक पान लिहायला त्याला आठवडा लागला असेल. ऑक्टोबरात पाणी गिरणीच्या ओट्याखाली आलं तेव्हा तू आरा चालवत होतास. तो दारातून ओरडला, चर्चची घंटा वाजत होती, आणि तू पुढचा ओंडका लावलास. शेवटी त्याने आत येऊन तुझा खांदा धरला. तू त्याला आऱ्याचा आवाज मोठा असतो असं सांगितलंस. त्याने मान डोलावली, कारण तुमच्याकडे तीही रीतच आहे.

मला दोन नाताळांपासून माहीत आहे. तू जेवायला नेहमी भिंतीशी बसतोस, सगळ्यांची तोंडं दिसावीत म्हणून. पाठीमागून बोललं की तू नकाशा गुंडाळायला लागतोस. मी गप्प राहिले ही माझी चूक, कारण मीही त्याच खोऱ्यातली आहे.

दादा, तू निधीकडे भोंगा मागितला आहेस. ज्याने तो मागितला त्यालाच तो ऐकू येणार नाही, आणि त्याच माणसाने चौदाव्या प्रश्नाखाली शून्य लिहिलंय.

तुझ्याकडे तेरा दिवस आहेत. घरोघर जा. मदत लागते का, असं विचारू नकोस. नाड्यांबद्दल विचार.

रागावलास तरी उत्तर लिही. तुझं रागाचं पत्रही मला हवं आहे.
सुन्निवा

•

ऊरदाल,
बुधवार, दि. २६ मार्च १९९७

चि. सुन्निवा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चुलीत घातलं, मग चिमट्याने बाहेर काढलं. कडा जळल्या आहेत, मजकूर शाबूत आहे. चार दिवस मी गिरणीतून हललो नाही. पाचव्या दिवशी वही घेऊन निघालो.

आधी गुद्वेगबाई. विचारलं की तळघरातून बटाटे कोण आणतं. त्या म्हणाल्या की नोव्हेंबरापासून त्या बटाटे खातच नाहीत. तळघराला नऊ पायऱ्या आहेत. चर्चला पायी जातात हे खरं, पण एम्ब्रिकची बायको एका बाजूने धरते आणि दुसऱ्या बाजूला काठी असते. बाई म्हणाल्या की हे सगळं मी मागच्या वेळी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेलं सांगत सुटायला त्या काही रेडिओ नाहीत.

रांदीला विचारलं की दोन्ही मुलांना घेऊन ती विहिरीपर्यंत शेवटची कधी गेली होती. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मुलं आता रांगतात. एकाला उचललं की दुसरा चुलीकडे जातो. ऑक्टोबरात तिने दोघांना कपड्यांच्या टोपलीत घालून टोपली माळ्यावर ओढली होती आणि स्वतः शिडीवर बसून होती, कारण माळ्यावर तिच्यापुरती जागा नव्हती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

एम्ब्रिकचं तर मला सगळंच नवीन होतं. त्याला सात वर्षं साखरेचा आजार आहे, रोज सुई टोचून घेतो. ऑक्टोबरात चार दिवसांपैकी औषध दोन दिवसांचं होतं. बाकीचे दोन दिवस तो ट्रॅक्टरवर बसून आम्हा सगळ्यांना वाहून नेत होता आणि त्याला डोळ्यांपुढे दोन-दोन रस्ते दिसत होते. मी विचारलं की बोलला का नाहीस. म्हणाला, गुरं मोजायला आलेल्या माणसाला काय सांगायचं.

असे नऊ झाले, जुळी धरून. प्रत्येकाने नावासमोर स्वतः सही केली. जुळ्यांची रांदीने केली. गुद्वेगबाईंनी चष्मा पुसून बाकीची आठ नावं वाचली, कागद परत दिला आणि विचारलं की यात गिरणीवाल्याचं नाव कुठे आहे. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं.

दहावं नाव अर्ज लिहिणाऱ्याचंच आहे. कारण: दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, आरा चालू नसतानाही. ते वाक्य लिहायला मला एकतीस पानांपेक्षा जास्त वेळ लागला. मागणीतही दुरुस्ती केली. भोंग्याबरोबर खांबावर फिरता लाल दिवा हवा, आणि गिरणीत भिंतीवर एक.

अपिलासोबतच्या प्रतीत शून्यावर एक रेघ मारली, बाजूला दहा लिहिलं, रेघेवर सही केली. माझ्या हातची पहिली खाडाखोड. पोस्ट बंद व्हायला अकरा मिनिटं असताना पोचलो.

राग गेलेला नाही, पण तो तुझ्यावर नाही.
तोर्लाइव्ह

•

बेर्गेन,
रविवार, दि. ११ मे १९९७

ती. तोर्लाइव्हदादास,
सा. न. वि. वि.

तुझी सगळी पत्रं पोचली, माझं पत्र जाळून वाचवल्याच्या बातमीसकट. एप्रिलच्या दोन पत्रांत तू फक्त बर्फाचे आकडे पाठवलेस, तेव्हाच कळलं की निधीकडून काही आलेलं नाही. इथे तीन दिवस लोक बिनकोटाचे फिरतायत, धक्क्यावर आइस्क्रीम खातायत. मला ते बघवत नाही. प्रत्येक उन्हाच्या तासाला मी वरचं कुरण आठवते.

तू इकडे निघून ये, असं लिहिणार होते. येणार नाहीस हे माहीत आहे. मग निदान एवढं कळव, की त्या दहा जणांना कोण आणणार आहे. यादी पाठवून दिली म्हणजे काम झालं असं समजू नकोस.

लवकर लिही, दोन ओळी लिही, पण लिही.
सुन्निवा

•

ऊरदाल,
रविवार, दि. १८ मे १९९७

चि. सुन्निवा हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

निधीचं पत्र आलं. अपील दाखल करून घेतलं आहे, सहा जूनच्या बैठकीत निर्णय होईल. खाली नियम छापलाय, की निर्णयाआधी सुरू केलेल्या कामाला अनुदान मिळणार नाही.

नदी काल एका दिवसात एकतीस सेंटिमीटर चढली. कुरणात अजून दीड मीटर बर्फ आहे आणि तो आता काठीला दगडासारखा लागत नाही, लापशीसारखा लागतो. सहा जूनपर्यंत तो थांबणार नाही, हे सांगायला इंजिनियर नको.

काल सतरा मेची, राष्ट्रदिनाची मिरवणूक झाल्यावर झेंडे हातात असतानाच सभा घेतली. वाट पाहावी तर बाहेर पडायला रस्ता नाही. काम सुरू करावं तर पूल कायमचा गेला. एम्ब्रिकने तोडगा काढला की काम आत्ता करायचं आणि कागदावर सात जून लिहायचं, निधीवाले काय झाडाची पालवी बघून तारीख ओळखणार आहेत? बरेच जण हो म्हणाले. मी म्हटलं की एक खोटा आकडा पाठवून या गावाने काय मिळवलं ते आपण मार्चमध्ये वाचलं आहे.  शेवटी रांदी म्हणाली की तिला माळ्यावर पुन्हा चढायचं नाही, पूल गेला तर गेला. मतं घेतली. एम्ब्रिकनेही हात वर केला, मात्र तोंड दुसरीकडे करून.

आज सकाळपासून लागलो आहोत. कुरणातून पायवाट, घळीवर चौदा मीटरचे दोन ओंडके, वर त्या पुरात आलेल्या झाडाच्या फळ्या, एका बाजूला दोर. ट्रॅक्टर जाणार नाही, माणूस जाईल. उद्या सोमवारी सणाची सुट्टी, म्हणून परवा सकाळी निधीला पत्र टाकतोय: आम्ही काम सुरू केलं आहे, तारीख ही, कारण हे, सोबत रेखाटन आणि फोटो. आपल्या हाताने स्वतःचा अर्ज बुडवणारा मी जिल्ह्यातला पहिलाच असेन.

आता तुझा प्रश्न. दहा नावांसमोर आणणाऱ्यांची दहा नावं लिहिली आहेत. मी रांदीचा थोरला आणायचा, थोरला म्हणजे सहा मिनिटांनी. एम्ब्रिकचं औषध त्याच्या बायकोकडे, बर्फाच्या थर्मासमध्ये. गुद्वेगबाईंना एम्ब्रिक आणणार. मला कोण, यावर सभा अडली, कारण गिरणी सगळ्यांत खाली. तर गुद्वेगबाई म्हणाल्या की त्यांच्या दारापासून गिरणी चाळीस पावलं आहे, डोंगर चढवत नसला तरी चाळीस पावलं चालवतात, आणि फुकटचं ओझं म्हणून त्यांना यादीत राहायचं नाही. मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. तो आजार मलाच आहे असं वाटत होतं.

लोभ असू दे, आणि ऊन पडलं की माझ्या वाटणीची काळजी तूच कर, मला फळ्या ठोकायच्या आहेत.
तोर्लाइव्ह

•

ऊरदाल, घळीपलीकडच्या शाळेच्या इमारतीतून,
रविवार, दि. १ जून १९९७

चि. सुन्निवा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

सगळे आहोत. तार मिळालीच असेल. आता नीट लिहितो.

बुधवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी रस्ता बुडाला. मी नऊला पाणी मोजलं होतं, तेव्हा अजून पुष्कळ जागा होती, म्हणून दोरासाठी खुंट्या कापायला गिरणीत गेलो. वर कुठेतरी बर्फाने धरलेलं पाणी एकदम सुटलं असावं. मला काही कळलं नाही. आरा अचानक थांबला म्हणून मी वळलो. गुद्वेगबाई दारात होत्या, घोट्याच्या वर पाण्यात, एका हातात काठी आणि दुसरा हात आरा थांबवायच्या दांड्यावर. त्या काही म्हणाल्या. ओठांवरून मला एवढंच कळलं की चाळीस नव्हे, बावन्न पावलं आहेत.

आम्ही एकमेकांना धरून बाहेर आलो. कोण कोणाला धरत होतं हे मला सांगता येणार नाही. एम्ब्रिकने त्यांना बकेटमध्ये घेतलं आणि मी रांदीच्या घराकडे गेलो. तिने थोरल्याला माझ्या छातीशी शालीने बांधलं. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि थंडी हाडात शिरत होती. कुरणाच्या चढावर मुलगा रडतोय हे माझ्या कानांना नाही, छातीला कळलं, तो हादरत होता म्हणून. मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी सांगत होतो.

ओंडक्यांवरून शेवटची माणसं गेली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. गुद्वेगबाईंना खुर्चीवर बसवून चौघांनी नेलं. पलीकडे पोचल्यावर मी वही उघडली आणि नावं वाचली. प्रत्येकाने हात वर करायचा असं ठरलं होतं, माझ्यासाठी. सगळे हात वर आले.

साडेअकराला गिरणीची खालची शेड गेली. चाकही गेलं. रांदीच्या घरात पाणी खिडकीपर्यंत चढलं. ऑक्टोबरासारखं ते उंबऱ्याशी थांबलं नाही, पाच घरांत शिरलं. मला रडू आलं नाही, पण वहीत वेळ लिहिली आणि खाली तीच वेळ पुन्हा लिहिली. एम्ब्रिकने पाहिलं आणि या वेळी दुसरीकडे बघितलं नाही.

तू पाठवलेले मोजे ओले आहेत, बाकी ठीक. ठीक नाही, पण आहोत.
तोर्लाइव्ह

•

ऊरदाल,
शनिवार, दि. २१ जून १९९७

चि. सुन्निवा हिस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

रायतेबाई पाच तारखेला, बैठकीच्या आदल्या दिवशी, स्वतः आल्या. या वेळी कोणी केक केले नाहीत. दोघी-तिघी झाडू घेऊन निघाल्या होत्या, पण रांदीने तिच्या घराचं दार उघडं टाकलं आणि बाईंना सरळ आत नेलं, चिखलातून, माळ्याच्या शिडीपर्यंत. बाई त्या घरात तासभर होत्या. नंतर त्यांनी माझ्यासमोर उभं राहून, सावकाश, विचारलं की यादी कोणी केली. मी केली म्हटलं, पण मोजायची रीत माझ्या बहिणीची आहे.

निकाल काल आला. लोखंडी पूल मंजूर. भोंगा मंजूर, दोन्ही दिव्यांसकट. पायवाटेला आणि ओंडक्यांना काही नाही, कारण ते काम निर्णयाआधी सुरू केलं. पुलाचं काम मात्र सुरू झालेलं नव्हतं, आणि ओंडके तात्पुरते असल्याचं आम्ही रेखाटनासह कळवलं होतं, म्हणून पूल वाचला, असं कारणांत लिहिलंय. नियमाने ते बरोबर आहे. एम्ब्रिक म्हणतो की सात जून लिहिलं असतं तर वाटेचे पैसेही मिळाले असते. मी त्याला म्हटलं की मग त्याला पुलावर पहिलं पाऊल टाकू देणार नाही.

रांदीचं घर राहण्याजोगं नाही. ती वरच्या बाजूला जागा बघते आहे, तिच्यासाठी निराळा अर्ज करावा लागेल. तो मी लिहायला घेतला आहे. पहिल्याच पानावर दोन ठिकाणी खाडाखोड झाली, तशीच ठेवली. गिरणीचं चाक पुन्हा आखायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही.

त्याआधी एक काम आहे. तू कानाच्या डॉक्टरांबद्दल या महिन्यातल्या तीन पत्रांत लिहिलं आहेस आणि तिन्हीदा मी उत्तर दिलं नाही. मी येतो. गुरुवारी, सव्वीस तारखेला, दुपारी दोन पस्तीसच्या बोटीने. धक्क्यावर काय पुकारतात ते मला कळणार नाही आणि शहरात मी वाट चुकेन, म्हणून तू घ्यायला ये. सुट्टी मिळत नसेल तर मागून घे. मागून हाक मारू नकोस, गर्दीतून पुढे ये आणि माझ्यासमोर उभी राहा.

तुझा,
तोर्लाइव्ह